योवानोविच म्हणजे योवानचं लेकरू: एका सर्बियन आडनावाची फोड

सर्बियातल्या नोवी साद शहरात एका रस्त्याच्या टोकाला, बिशपच्या वाड्यासमोर, एका दाढीवाल्या कवीचा पुतळा उभा आहे. कवीचा जन्म याच शहरातला, 1833 चा. पेशाने डॉक्टर. सर्बियातली शाळकरी पोरं आजही त्याच्या बालकविता पाठ करतात. त्याचं नाव योवान योवानोविच.

आता हे नाव सर्बियन कानाला कसं लागतं ते बघा. आपल्याकडे कुणी 'गणपत गणपतराव पाटील' असं नाव सांगितलं, तर पुढचा प्रश्न काय येईल? "कुठला हो? आमच्या गावात तीन आहेत." योवान योवानोविचचंही तसंच. म्हणून त्याला जगाने टोपणनाव दिलं: झ्माय, म्हणजे ड्रॅगन. 1864 मध्ये त्याने या नावाचं एक विनोदी नियतकालिक सुरू केलं होतं, तेच पुढे त्याला चिकटलं. नावात एक खोच होती. सर्बियन सिरिलिक लिपीत 'झ' हे अक्षर हुबेहूब 3 या आकड्यासारखं दिसतं आणि 'माय' म्हणजे मे महिना. तेव्हा 'झ्माय' असं लिहिलं की 'ड्रॅगन' असंही वाचता येतं आणि '3 मे' असंही. मे 1848 मध्ये हाब्सबर्ग राज्यातल्या, म्हणजे ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या राज्यातल्या, सर्बांनी स्रेम्स्की कार्लोव्त्सी इथे मोठी सभा भरवून स्वतःच्या स्वायत्त प्रांताची मागणी केली होती, तिची ही आठवण. आता पुतळ्याच्या रस्त्यालाही 'झ्माय योविना', म्हणजे झ्माय योवाचा रस्ता, असंच म्हणतात. योवा हे योवानचं लाडाचं रूप.

गंमत म्हणजे दुसराही एक योवान योवानोविच इतिहासात आहे. 1914 मध्ये, पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा, तो व्हिएन्नामध्ये सर्बियाचा राजदूत होता. त्याचं टोपणनाव पिझोन, फ्रेंच भाषेतलं कबूतर. एक ड्रॅगन, एक कबूतर. नाहीतर दोघांना वेगळं ओळखायचं कसं?

योवानोविच हे सर्बियातलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव आहे. त्याच्या मागोमाग पेत्रोविच, निकोलिच, मार्कोविच, ज्योर्ज्येविच ही मंडळी येतात. ही सगळी आडनावं एकाच साच्यातून निघालेली आहेत, त्यामुळे एकाची फोड केली की बाकीची आपोआप उलगडतात.

आधी उच्चार. रोमन लिपीत हे आडनाव 'जे' अक्षराने सुरू होतं, म्हणून आपली वर्तमानपत्रं 'जोवानोविच' छापतात. सर्बियनमध्ये त्या अक्षराचा उच्चार 'य' आहे. शेवटचा 'च' मऊ, आपल्या 'चिमणी'तला. आपण 'चमचा' म्हणताना जो दुसरा 'च' वापरतो, त्याच्यासाठी सर्बियनमध्ये वेगळं अक्षर आहे. मराठी माणसाला या दोन्हींचा सराव आपसूकच असतो.

आता फोड. योवान + ओव + इच. तीन तुकडे.

पहिला तुकडा माणसाचं नाव. दुसरा, 'ओव', म्हणजे आपला 'चा'. आणि तो अगदी आपल्या 'चा'सारखाच वागतो: योवानचा मुलगा असेल तर 'योवानोव', योवानची मुलगी असेल तर 'योवानोवा', योवानचं मूल असेल तर 'योवानोवो'. चा-ची-चं, लिंगाप्रमाणे बदलणारं. इंग्रजी शिकलेल्याला हे नवं वाटेल, मराठी बोलणाऱ्याला ओळखीचं. तिसरा तुकडा 'इच' हा लहानपणा दाखवतो. सर्बियनमध्ये 'ग्राद' म्हणजे शहर आणि 'ग्रादिच' म्हणजे छोटं शहर. 'ब्रोद' म्हणजे जहाज आणि 'ब्रोदिच' म्हणजे छोटं जहाज. तेव्हा 'योवानोविच' म्हणजे 'योवानचं छोटं', योवानचं लेकरू. अर्थ एवढाच.

हा 'ओव' सगळीकडे सारखा लागत नाही. आधीचं अक्षर मऊ किंवा तालव्य असेल तर 'एव' होतो. कोवाच म्हणजे लोहार, त्याचा कोवाचेविच. मिलोशचा मिलोशेविच. नाव 'आ'कारान्त असेल तर मधला तुकडा बहुधा गळूनच जातो: निकोलाचा निकोलिच, सावाचा साविच. ज्योर्ज्ये या नावाची दोन लाडाची रूपं आहेत, ज्योको आणि ज्योका. ज्योकोचा झाला ज्योकोविच आणि ज्योकाचा झाला ज्योकिच. यातला पहिला आपल्या टीव्हीवर वर्षानुवर्षं जोकोविच म्हणून टेनिस खेळतोय. ज्योर्ज्ये हे मूळ ग्रीक नाव, अर्थ शेतकरी. नोवाक हे 'नोव'पासून, म्हणजे आपल्या 'नव'पासून, अर्थ नवखा. सगळं मिळून नोवाक ज्योकोविच म्हणजे शेतकऱ्याच्या लेकरातला नवखा. विम्बल्डनच्या समालोचकांना हे कुणीतरी सांगायला हवं.

इथवर सोपं आहे. खरी मेख पुढे आहे.

आपण मराठी माणसं तीन नावं लावतो. बाळ गंगाधर टिळक. त्यांचा मुलगा श्रीधर बळवंत टिळक. आडनाव जागेवर, मधलं नाव दर पिढीला बदलतं. रशियनांचंही असंच असतं. लेनिनचं पूर्ण नाव व्लादिमीर इलिच उल्यानोव. इलिच म्हणजे इल्याचा मुलगा, हे त्याचं मधलं नाव. सर्बियात मात्र इलिच हे आडनाव आहे. शब्द तोच, जागा वेगळी. आपल्या मधल्या नावाचं जे काम, तेच काम सर्बियातली ही आडनावं एके काळी करत होती. मग केव्हातरी चाक थांबलं आणि ज्या पिढीत थांबलं त्या पिढीचं बापाचं नाव कायमचं आडनाव होऊन बसलं.

चाक फिरत होतं तेव्हा असं असे: योवानच्या मुलाचं नाव पेतार, तो पेतार योवानोविच. पेतारचा मुलगा मार्को, तो मार्को पेत्रोविच. मार्कोचा मुलगा निकोला, तो निकोला मार्कोविच. आजोबा-नातवांचं आडनाव जुळायचं नाही. गावात सगळे सगळ्यांना ओळखत, तेव्हा कुणाचं काही अडत नव्हतं.

याची उत्तम साक्ष म्हणजे वूक काराजिच, सर्बियन भाषेला आजचं लेखन देणारा माणूस. एक ध्वनी, एक अक्षर, जसं बोलता तसं लिहा, हा त्याचा आग्रह. 1787 मध्ये त्र्शिच गावात जन्मला. वडिलांचं नाव स्तेफान, आजोबांचं योक्सिम. वडील झाले स्तेफान योक्सिमोविच, मुलगा झाला वूक स्तेफानोविच. काराजिच हे कुळाचं नाव त्याने नंतर जोडलं. आणि 'वूक' का? आधीची भावंडं जगली नव्हती. चेटकिणी मुलं खातात अशी समजूत होती, पण लांडग्याच्या वाटेला त्या जाणार नाहीत, म्हणून या मुलाचं नाव लांडगा ठेवलं. मूल जगावं म्हणून ज्यांच्या घरात कुणाचं नाव दगडू, धोंडू किंवा केरू ठेवलं गेलं, त्यांना हे समजावून सांगायला नको. बरं, हा 'वूक' म्हणजे आपला संस्कृत 'वृक'च. भीमाला वृकोदर म्हणतात तो. एकाच जुन्या मुळाची दोन टोकं. वूकोविच, वूकिचेविच ही आडनावं सर्बियात पैशाला पासरी.

चाक थांबवलं सरकारने. 19व्या शतकात सर्बिया हे तुर्कांच्या छत्राखालचं स्वायत्त संस्थान होतं आणि हळूहळू स्वतःची कचेरी, न्यायालयं, कर, लष्करभरती उभी करत होतं. ज्या माणसाचं आडनाव त्याच्या मुलाला लागत नाही, त्याच्या जमिनीचा दाखला, वारसाहक्क, कराची थकबाकी सांभाळणार कशी? तलाठ्याच्या दप्तराशी ज्यांचा कधी संबंध आला असेल त्यांना कारकुनाची व्यथा कळेल. 1851 मध्ये हुकूम निघाला: दर पिढीला आडनाव बदलणं बंद, एक घ्या आणि तेच चालवा. बऱ्याच घरांनी आजोबांचं किंवा आठवणीतल्या एखाद्या जुन्या पूर्वजाचं नाव धरलं. ज्यांच्या वाट्याला योवान आला ते योवानोविच.

हा हुकूम निघाला तेव्हा गादीवर कोण होतं? अलेक्सांदार काराज्योर्ज्येविच. त्याचं आडनाव अवघं एका पिढीचं होतं. वडील ज्योर्ज्ये पेत्रोविच, 1804 च्या तुर्कांविरुद्धच्या उठावाचे पुढारी. वर्णाने आणि रागानेही काळे म्हणून लोक त्यांना 'काराज्योर्ज्ये' म्हणत. 'कारा' हा तुर्की शब्द, अर्थ काळा. मुलाने आजोबांचं नाव सोडलं आणि बापाच्या टोपणनावाचंच राजघराणं केलं.

समोरच्या घराण्याची कथा आणखी मासलेवाईक. 1815 च्या दुसऱ्या उठावाचा नेता मिलोश हा तेओदोरचा मुलगा, म्हणजे रीतसर मिलोश तेओदोरोविच. त्याच्या आईचं आधी ओब्रेन नावाच्या माणसाशी लग्न झालं होतं. त्या लग्नातला मुलगा मिलान ओब्रेनोविच नावारूपाला आला, मिलोश त्याच्या छायेत वाढला आणि सावत्र भावाचंच आडनाव लावू लागला. म्हणजे सर्बियाचं ओब्रेनोविच राजघराणं ज्या ओब्रेनच्या नावाने चाललं, त्याच्याशी राजाचं रक्ताचं काही नातं नव्हतं. आडनावाच्या 'अर्थावर' फार भार टाकू नये, तो यासाठी.

हाब्सबर्ग राज्यात, म्हणजे आजच्या वोय्वोदिना प्रांतात, आडनावं आधीच गोठली होती. आपल्या ड्रॅगन कवीकडेच बघा: तो योवान योवानोविच, पण त्याच्या वडिलांचं नाव पावले. आडनावातला योवान कुणी जुना पूर्वज. या भागात शेपूट नसलेली आडनावंही खूप सापडतात: योवानोव, पोपोव, निकोलिन. 'योवानचा' एवढंच, 'लेकरू' गायब.

आता हा योवान कोण? मूळ हिब्रू नाव योहानान, 'देवाने कृपा केली'. ग्रीकमधून स्लाव लोकांकडे आलं. इंग्रजांचा जॉन, जर्मनांचा योहान, रशियनांचा इवान, अरबांचा याह्या, पोर्तुगीजांचा जुवांव हे सगळे त्याचेच भाऊ. सर्बांमध्ये हे नाव इतकं पसरायचं कारण म्हणजे ऑर्थोडॉक्स चर्चमधला बाप्तिस्मा करणारा संत योवान. त्याने येशूला नदीत बाप्तिस्मा दिला, म्हणून सर्बांच्या समजुतीत तो 'कुम' या नात्याचा रखवालदार आहे. कुम म्हणजे मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरणारा, लग्नात साक्षीला उभा राहणारा माणूस. हे नातं रक्ताच्या नात्याइतकंच पक्कं मानतात. कुमाला हाक मारताना 'देवाच्या आणि संत योवानच्या नावाने' असं म्हणायची रीत आहे. अशा संताचं नाव घरोघरी असणारच.

सगळी आडनावं बापाच्या नावाची मात्र नाहीत. मारिच हे बहुतेक वेळा 'मारा'पासून, मारियाच्या लाडाच्या रूपापासून. बाई लवकर विधवा झाली आणि तिनेच घर ओढलं, तर गाव मुलांना तिच्या नावाने ओळखे. आइनस्टाइनची पहिली बायको मिलेवा याच आडनावाची. पोपोविच म्हणजे पाद्रीचं लेकरू. कॅथलिक वाचकाला हे ऐकून धक्का बसेल, पण ऑर्थोडॉक्स पाद्री लग्न करतात, त्यांना मुलं होतात. आणि तेर्झिच! तेर्झिया म्हणजे शिंपी, शब्द तुर्कीतून आलेला, तुर्कीत फारसीतून, आणि फारसीतला मूळ शब्द 'दर्जी'. तुर्कांनी तो बाल्कनमध्ये नेला, फारसीच्या पायवाटेने तो आपल्याकडे आला. बेलग्रेडच्या मध्यवर्ती चौकाचं नावही तेराझिये आहे, पण त्याचा शिंप्यांशी संबंध नाही. ते पाण्याच्या मनोऱ्यांसाठीच्या तुर्की शब्दावरून. अशा सारख्या दिसणाऱ्या शब्दांनी भले भले फसतात.

निकोला टेस्लाच्या आडनावाला 'इच' नाहीच. 'तेस्ला' हे सुताराचं हत्यार, आपला वाकस. 'तेसाति' म्हणजे लाकूड तासणं, आणि हा धातू संस्कृतातल्या 'तक्ष्'चा सख्खा भाऊ. मोटारीच्या कंपनीचं नाव वाकस आहे असं म्हटलं तर तिचं आकर्षण जरा कमी होईल.

बायकांचं काय? आज कागदोपत्री नवरा, बायको, मुलगी सगळे योवानोविचच. जुन्या बोलीत मात्र लग्न झालेली 'योवानोविच्का' आणि कुमारी 'योवानोविचेवा' असा फरक करत. आता उरला आहे तो व्याकरणात: पुरुषाचं आडनाव वाक्यात विभक्तीप्रमाणे चालतं, बाईचं आहे तसंच राहतं. टेनिसच्या बातमीत नोवाकचा 'ज्योकोविचा' होईल, आना इवानोविचची मात्र इवानोविच ती इवानोविचच.

मग दोन योवानोविच भेटले तर ते भाऊबंद समजायचे का? अजिबात नाही. देशभरात शेकडो योवान होऊन गेले आणि त्यातल्या कितीतरी जणांची लेकरं योवानोविच झाली. आपल्याकडे जाधव-पवार भेटले की पुढचा प्रश्न असतो, "तुमचं कुलदैवत कुठलं?" सर्ब माणूस विचारतो, "तुमची स्लावा कुठली?"

स्लावा म्हणजे घराण्याच्या संताचा दिवस. तो बापाकडून मुलाकडे जातो, आडनावासारखाच, पण आडनावापेक्षा कितीतरी जुन्या काळापासून. त्या दिवशी घरात मोठी मेणबत्ती लावतात, नक्षीदार गोल पाव कापतात आणि त्यावर लाल वाइन शिंपडतात. आल्या-गेल्याला आधी चमचाभर 'झितो' देतात: शिजवलेले गहू, साखर, अक्रोड. सत्यनारायणाच्या प्रसादासारखं, नाही म्हणायचं नाही. पाहुण्यांना आमंत्रण द्यायचं नसतं. ज्यांना तारीख माहीत असते ते येतात. 2014 मध्ये युनेस्कोने या प्रथेची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. सर्वाधिक घरांची स्लावा 19 डिसेंबरला, संत निकोलाची. संत योवानची 20 जानेवारीला. आणि योवानोविचांची स्लावा योवानचीच असेल असं मुळीच नाही. एका योवानोविचच्या घरी डिसेंबरात पाव कापतात, दुसऱ्याच्या घरी मे महिन्यात, संत ज्योर्ज्येच्या दिवशी. तारखा जुळल्या नाहीत की समजायचं, आडनाव तेवढं एक आहे. जुळल्या तर मात्र मग आजोबांचं गाव विचारायचं.

याच योवानचा दुसरा सण आपल्या शेजारी गोव्यातही होतो. 24 जूनला सांजांव: डोक्यावर फुलापानांचं कोपेल, पावसाने भरलेल्या विहिरीत उड्या. तोच बाप्तिस्मा करणारा संत, त्याचाच जन्मदिवस. सर्बियात हा सण 7 जुलैला येतो, कारण त्यांचं चर्च जुनं कॅलेंडर पाळतं आणि ते 13 दिवस मागे आहे. तिथे विहिरीतल्या उड्या नाहीत, पण फुलं आहेत: रानातल्या पिवळ्या फुलांचं कडं गुंफून दाराला लावतात आणि ते वर्षभर वाळत तिथेच राहतं.

आडनावांचा साचाही गोव्यात पोहोचलेला आहे, पोर्तुगीज रस्त्याने. शेवटचा 'एस' हा त्यांचा 'ओविच'. फर्नांडो, त्याचा फर्नांडिस. रॉड्रिगो, त्याचा रॉड्रिग्स. गोव्यात ही आडनावं बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीकडून किंवा धर्मपित्याकडून मिळाली, म्हणजे सालसेतच्या फर्नांडिसांच्या वंशात फर्नांडो नावाचा कुणी पूर्वज शोधण्यात अर्थ नाही, जसा ओब्रेनोविच राजांच्या वंशात ओब्रेन शोधण्यात नाही. आणि पिरिस? पेरो हे पेद्रोचं जुनं रूप, पेरोचा तो पिरिस. पेद्रो म्हणजे पीटर, पीटर म्हणजे पेतार. म्हापशातल्या एखाद्या पिरिसने बेलग्रेडमध्ये आपलं आडनाव शब्दशः सांगायचं ठरवलं, तर त्याला पेत्रोविच म्हणावं लागेल.